मिटायला आसुसलेले दार

मी एक जुने दार आहे. मित्रांनो, तुमच्या घरचे दार दिवसातून दहादा उघडते नि मिटते. माझ्या नशिबी ते सुख नव्हते. मी रोममधल्या यानुस देवाच्या देवळाचे दार. कुठेही लढाई चालू असेल तोवर मला सताड उघडे ठेवायचे आणि सगळीकडे शांतता झाली की मिटायचे, हा नुमा राजाने घालून दिलेला रिवाज. पण रोमकरांना लढाईवाचून करमते कुठे? राजामागून चारशे वर्षे मी आ वासून उभे होते. सुतारांनी माझी दोन्ही कवाडे नेमकी जुळवली होती, पण ती एकमेकांना कधी टेकतच नव्हती.

समुद्रापलीकडच्या कार्थेज शहराशी तेवीस वर्षे चाललेले युद्ध संपले, तरी लहानसहान लढाया होत्याच. विबिया नावाची विणकरीण रोज सकाळी येऊन मला हात लावायची. तिचा मुलगा नुमेरियस आरमारात वल्हेकरी होता. त्याचे जहाज वादळात सापडले, एवढेच तिला कळले होते.

"आजही उघडंच का रे, ओपिटर?" ती देवळाच्या म्हाताऱ्या राखणदाराला विचारायची.

"उघडंच, विबियाबाई. हे दार काय नि माझ्या सासूचं तोंड काय!"

"हे मिटलं म्हणजे सगळे घरी आले, असंच ना?"

यावर ओपिटर झाडू उचलून आत जायचा.

अखेर साऱ्या लढाया थांबल्या आणि मला मिटायचा दिवस उजाडला. सारे रोम लोटले. मला भरून आले. चौघांनी जोर लावला, पण मी हलेना! उघड्या दाराला कशाला तेल, म्हणून चारशे वर्षांत कुणी थेंबही घातला नव्हता. मग तेलाचा बुधला आला आणि मी करकरत सरकू लागले. वीतभर फट उरली, तेवढ्यात विबियाने तीत हात घातला.

"थांबा! माझा यायचाय अजून."

"अगं बाई, अपशकुन नको करूस!" लोक ओरडले.

"घरातलं माणूस बाहेर असताना कुणी दार लावतं का?"

ओपिटर हळूच म्हणाला, "यायचे ते आले, विबियाबाई. हे उघडं राहिलं तर उद्या दुसरीचा पोरगा जाईल."

 मग तिने हात काढला आणि स्वतःच खांदा लावून मला ढकलले. माझी कवाडे टेकली. इतकी वर्षे ज्याची आस धरली ते मिळाले, पण आनंद काही झाला नाही.

वर्ष सरायच्या आत मला पुन्हा उघडले. विबिया मात्र परत आली नाही.

मित्रांनो, उघड्या दारालाही तेल घालत जा. आणि मिटण्याआधी एकदा बाहेर बघा. मी बघितले होते. दूरवर रस्त्यावर कुणीही नव्हते.