चौकातलं पोतं

उत्तर फिनलंडमधल्या आमच्या शहरात बर्चची झाडं पैशाला पासरी आहेत. म्हणून चौकासाठी आमच्या समितीने जपानी मॅग्नोलिया निवडला. फुलं पांढरी की गुलाबी, यावर वर्षभर भांडलो. माझी गुलाबी हरली.

थंडीने मरू नये म्हणून झाड आठ महिने पोत्यात गुंडाळलेलं. जूनअखेर ते फुललं म्हणे. तेव्हा अख्खं शहर सुट्टीला तळ्याकाठी जाऊन सौनाच्या वाफेत घाम काढत बसलं होतं. परतलो तर खाली पाकळ्यांचा चिखल.

"दुसरं झाड बघू या," अध्यक्ष आउलिस म्हणाले.

"झाड दिसतंय कुणाला?" समितीतल्या तुओवीबाई करवादल्या. "दिसतं ते पोतं. त्याचा रंग ठरवा की."

या खेपेला मात्र मी गुलाबी सोडणार नाही.