कोऱ्या चिठ्ठीची पिशवी

"जागा करा, बेन्केनकाका! उद्या अजून अठ्ठेचाळीस पिशव्या येतायत," कॅप्टन रोलॉफ दारातूनच म्हणाले.

हिनरिख बेन्केननं फळ्यांकडे पाहिलं. जर्मनीतल्या कीलच्या बंदरातली ही खोली आढ्यापर्यंत खच्चून भरली होती. युद्धात पाणबुडीवर जाणारा प्रत्येक जण आपलं सामान पिशवीत घालून इथं ठेवायचा, परतला की न्यायचा. यंदा न्यायला आलेले बोटांवर मोजण्याइतके.

"साहेब, दहा बोटी जातात नि दोन येतात. वरच्यांना दिसत नाही का हो?"

"दिसतं. पण आपण थांबलो, तर आपल्यामागं लागलेली शत्रूची विमानं गावांवर सुटतील म्हणतात."

"आणि आत्ता काय, गावांवर फुलं पडतायत?"

रोलॉफ हसले नाहीत. "तीन महिने ज्या बोटींचा पत्ता नाही, त्यांच्या पिशव्या घरी धाडा. हुकूम आहे."

खिडकीजवळच्या फळीवर हिनरिखच्या मुलाची, डेटलेफची पिशवी होती. त्याच्या बोटीचा पत्ता नाही त्याला सहा महिने झाले. बायकोला, आल्माला, तो रोज सांगायचा, "अगं, बोटीवरचं बिनतारी यंत्र बंद ठेवतात ते. येईल." पिशवी घरी गेली की संपलंच सगळं.

त्यानं बाकीच्या पिशव्या उतरवल्या. तेवढीच राहू दिली.

सकाळी नवी पोरं आली, मिसरूडही न फुटलेली. पूर्वी पिशवीला पत्त्याची चिठ्ठी कोरीच बांधायचे. पत्ता लिहिणं म्हणजे अपशकुन. ही पोरं पत्ते लिहूनच घेऊन आली होती.

"काका, पोस्टमनला अक्षर लागेल ना?" एकानं विचारलं.

पळा रे गाढवांनो, असं ओरडावंसं वाटलं हिनरिखला. "लागेल," एवढंच तो म्हणाला.

सत्तेचाळीस पिशव्या मावल्या. तो पोरगा आपली छातीशी धरून उभाच होता.

हिनरिखनं डेटलेफची पिशवी खाली घेतली. चिठ्ठी कोरी. "बाबा, तुम्हाला आपला पत्ता ठाऊक नाही होय?" जाताना डेटलेफनं डोळा मारला होता.

पेन्सिल काढून हिनरिखनं आल्माचं नाव लिहिलं. गल्ली, घर, तिसरा मजला. पिशवी पोस्टाच्या ढिगावर ठेवली, दोन पावलं गेला आणि परत फिरला. एवढ्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच तो न विचारता बाहेर पडला, भरदुपारी, पिशवी खांद्यावर टाकून.

आल्मा खिडकीत उभी होती. नवरा असा अवेळी का, हे तिनं विचारलं नाही. तिची नजर आधी खांद्याकडेच गेली.