दुर्गाचा पाना खोटं बोलला

मी टॉर्क पाना बोलतोय. तसं माझं बोलणं एकाच शब्दाचं: ‘कट्’. मुठीवर आकडा लावा, नट आवळा, हवा तेवढा जोर लागला की मी ‘कट्’ म्हणतो. म्हणजे, बस झालं बाई, आता चाक कुठे जात नाही. जन्मभर तेवढंच बोललो आणि खरं बोललो. एक दिवस सोडून. तो दिवस आठवला की अजून माझ्या दांड्याला कापरं भरतं.

कुठल्या कारखान्यात घडलो ते आठवत नाही. आठवतं ते कॉटन ग्रीनच्या गोदामातलं गॅरेज आणि दुर्गाचा हात. लालबागच्या चाळीतली पोरगी, आयटीआय करून आलेली. पहिल्या दिवशी गॅरेजातल्या बाप्यांनी तिला चहा आणायला सांगितलं, तर ही बया मला घेऊन सरळ गाडीखाली शिरली! प्रत्येक नटाला मला लावताना पुटपुटायची, ‘‘बोल रे.’’ आणि मी बोलायचो. माणसं एकमेकांचंही इतकं ऐकत नाहीत.

मग जपानचं वारं आलं. तिथे लांब पल्ल्याच्या मोटारशर्यतींची मालिका असते, एक शर्यत तर अख्खे चोवीस तास चालते. ‘ताइक्यू’ म्हणतात म्हणे, म्हणजे दम टिकवणं. आमच्या गॅरेजात गाडी तयार करून घेणारा हितेंद्र पुढच्या मोसमात तिथे उतरणार होता आणि त्याच्या संघाला एक मेकॅनिक हवा होता. संघाचे मुख्य मेकॅनिक मोरिता-सान स्वतः परीक्षा घ्यायला यायचे होते, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. दुर्गा सहा महिने दुसरं काही बोलतच नव्हती.

दसऱ्याला गॅरेजात हत्यारांची पूजा मांडली. हळद-कुंकू लावून घेऊन मी पाटावर ऐटीत बसलो होतो. दुर्गा झेंडू आणायला दादरला गेलेली. नारळ वाढवायला बसले तिचे वडील, भिवाबाबा, कापडाच्या मिलमध्ये साच्यांवर, म्हणजे मागांवर, उभं आयुष्य काढलेले. एकदा आपटला, दोनदा आपटला, नारळ काही फुटेना. पोरीच्या जपानचा नारळ, आणि फुटत नाही! म्हाताऱ्याचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि पाटावरून मलाच उचललं.

अहो, मला! ज्याची पूजा त्यालाच हातोडा केला! नारळाची दोन शकलं झाली आणि माझ्या पोटातली स्प्रिंग जागची हलली. बाहेरून एक ओरखडा नाही. बाबांनी मला पुसलं, नमस्कार केला आणि परत पाटावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मोरिता-सानसमोर दुर्गाने चारही चाकं चढवली. ‘‘बोल रे.’’ ‘कट्.’ आणि मी हबकलो. जोर पुरा व्हायच्या आधीच माझा आवाज निघत होता! थांब गं, अजून आवळ, हे सांगायला माझ्याकडे दुसरा शब्द कुठला? वीस नट, वीस वेळा मी खोटं बोललो आणि तिने वीसही वेळा विश्वास ठेवला.

मोरिता-सान एकेका चाकाकडे बोट दाखवत मोठ्याने ‘योशी’ म्हणत गेले. नुसतं बघून चालत नाही, बोट दाखवून ‘ठीक’ म्हणायचं, अशी त्या लोकांची रीत. मग त्यांनी मान डोलावून वहीत दुर्गाचं नाव लिहिलं. हितेंद्र हेल्मेट चढवून गाडीत बसला. गोदामामागच्या लांब रस्त्यावर गाडी भरधाव सोडून ब्रेक बघायचे होते.

तेवढ्यात भिवाबाबा डबा घेऊन आले. लेकीचा फुललेला चेहरा बघून म्हणाले, ‘‘झाला मां काम? माका ठावक होता गे! काल नारळ फुटाक नाय, म्हणान तुझ्या ह्या पान्यानच हाणलंय. एका घावात दोन शकला!’’

दुर्गाने हातातल्या माझ्याकडे पाहिलं. वहीत नाव लागलेलं होतं, इंजिन गुरगुरत होतं.

‘‘थांब! हितेंद्र, थांब!’’ ती धावत जाऊन हात पसरून गाडीला आडवी झाली. करकचून ब्रेक लागला.

‘‘ए, मरायचंय का तुला?’’

‘‘खाली उतर. माझा पाना खोटं बोललाय.’’

दुसरा पाना आणला. पहिलाच नट अर्धा फेरा फिरला. हितेंद्रने हेल्मेट काढून बॉनेटवर ठेवलं.

मोरिता-साननी शांतपणे विचारलं, हा पाना आज सकाळी कोणी तपासला?

भिवाबाबा डबा छातीशी धरून पुढे सरकले. दुर्गाने त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. ‘‘कोणीच नाही. पाना माझा, मीच तपासायला हवा होता.’’

मोरिता-सान तिच्यासमोर कमरेत वाकले. मग वही उघडून तिच्या नावावर रेघ मारली. ‘‘या मोसमात नाही,’’ म्हणाले.

‘‘माझा नाव कित्याक नाय घेतलंस गे?’’ बाबांनी नंतर विचारलं. तिने डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवला, बस.

स्प्रिंग आता सुधारणार नाही, असं तपासणीवाल्याने सांगितलं. बाद झाल्याचा लाल पट्टा मारून मला भिंतीवर टांगलंय. भिवाबाबा रोज दुपारी येतात, मला उतरवतात, फळीवरच्या एका जुन्या बोल्टाला लावतात आणि कान देऊन ऐकतात. ‘कट्.’

‘‘आता बरोबर वाजता मां गे?’’

खऱ्यासाठी गाडीसमोर उभी राहिलेली पोरगी मान वर न करता म्हणते, ‘‘हो बाबा. आता अगदी बरोबर वाजतो.’’

रोज ऐकतो आणि रोज हादरतो. तुमच्या पाया पडतो, मला पुन्हा कुठल्या चाकाला लावू नका. पण म्हाताऱ्याच्या हातातून काढूनही घेऊ नका.