ब्रेकचा दिवस

आमच्या रुग्णालयात कंत्राटी सिस्टर दर अकरा महिन्यांनी एक दिवस नसत. त्या रजेवर जात नसत, घरीही नसत; कुठेच नसत. सकाळी आठला नाहीशा होत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, होत्या त्याच जागी परत येत. कागदावर याला तांत्रिक खंड म्हणत. आम्ही ब्रेक म्हणायचो. सेवा सलग दिसली तर त्यांना कायम करावं लागलं असतं, म्हणून हा एक दिवस.

मी एकोणसत्तर साली नोकरीला लागले तेव्हा असं नव्हतं. तीस खाटांना आम्ही अकरा सिस्टर होतो, सगळ्या कायम, सगळ्यांच्या डोक्यावर खळ घातलेल्या पांढऱ्या टोप्या. थत्ते मेट्रन रोज सकाळी आमची नखं तपासायच्या. मग एकेक जण निवृत्त होत गेली आणि तिची जागा भरली गेली नाही. शेवटी कायम अशी मी एकटी उरले, आणि माझ्याबरोबर पाच कंत्राटी मुली. काम तेच, इंजेक्शनं तीच, नातेवाइकांच्या शिव्याही त्याच. पगार माझ्या पावपट.

सारिका घोलप त्यांतली सगळ्यात जुनी. तिचे सात ब्रेक झाले होते. ब्रेकच्या दिवशी तिचा एप्रन खुंटीवर राही, चपला दाराशी राहत, आणि केसपेपरवर तिने लिहिलेलं सगळं पुसट होई. सलाइन किती वाजता लावलं ते आम्हाला पेशंटलाच विचारावं लागे. दुसऱ्या दिवशी आठला अक्षरं पुन्हा गडद होत, आणि सारिका एप्रनची बटणं लावत उभी असे.

फक्त ती पूर्ण परत येत नसे. पहिल्या ब्रेकनंतर तिच्या हनुवटीवरचा तीळ आला नाही. तिसऱ्यानंतर तिला मिठाची चव कळेना. सातव्यानंतर माहेरच्या गावाचं नाव आठवेना.

"बरंच झालं," ती म्हणाली. "आता भांडणात नवरा माहेरी जा म्हणाला, तर जाणार कुठं? तिथंच बसणार त्याच्या उरावर."

"सोड ही नोकरी."

"सोडून खाजगीत जाऊ? तिथं पगार याच्या निम्मा आणि खाटा दुप्पट. दहा ब्रेक झाले की कायम करणारेत म्हणतात. तीनच राहिले, सिस्टर. तोवर माझं थोडंफार उरेलच की."

आठव्या ब्रेकच्या वेळी तिचे दिवस भरत आले होते. तिने तारखा मांडल्या, मी बोटांवर मोजल्या. बाळंतपणाची तारीख आणि ब्रेकची तारीख एकच निघाली.

मी ऑफिसात गेले. नेमणुकांच्या फायली कुरणे भाऊसाहेबांकडे असत.

"भाऊसाहेब, घोलपचा ब्रेक चार दिवस पुढं ढकला."

"तारीख वरून येते, साळवे सिस्टर. ती हलत नाही. तुम्ही बाळंतपण हलवा."

"ते हलवता येत नाही."

"अडतीस वर्षं बाळंतपणं करताय आणि एवढं जमत नाही होय?" ते हसले. माझ्यासाठी चहा सांगितला.

"ती नसताना बाळ झालं, तर ते कुणाचं?"

त्यांनी सारिकाचा करार काढला, पुढून वाचला, मागून बघितला. "याबद्दल काही लिहिलेलं नाही," ते म्हणाले.

त्या दिवशी सारिका उजाडतानाच आली. मी तिला लेबर रूममधल्या खिडकीजवळच्या खाटेवर घेतलं. सात वाजता तपासलं, अजून वेळ होता.

"आठच्या आत होईल का?" तिने विचारलं.

"पहिलटकरणीचं काही सांगता येत नाही."

"तुम्हाला येतं. तुमच्या तोंडावर दिसतंय." एक कळ येऊन गेली. मग ती म्हणाली, "मी येईपर्यंत नाळ कापू नका. परत येताना दर वेळी चाचपडत यावं लागतं, सिस्टर. हाताला लागेल तेवढंच घेऊन येते मी. या वेळी धरायला काहीतरी असू दे."

थत्ते मेट्रननी मला पहिल्याच बाळंतपणात शिकवलं होतं, नाळेतला ठोका थांबल्याशिवाय कात्री लावायची नाही. ते मी तिला सांगितलं. ती मान हलवत असतानाच आठ वाजले आणि माझ्या हातात तिचा हात नव्हता.

चादरीवर तिच्या पाठीचा खोलगट आकार राहिला. कळा चालूच राहिल्या. कळ आली की चादर ताणली जाई आणि खाटेचा दांडा करकरे. वॉर्डातल्या आयाबाई हौसामावशी रिकाम्या उशीवर ओला फडका धरून "दम खा बाई, दम खा" म्हणत होत्या. बाकीच्या चौघींचाही ब्रेक या वेळी त्याच दिवशी आला होता. वॉर्डातून हाका येत होत्या, सिस्टर, सिस्टर.

"मावशी, जरा बघून या."

"बघंन की. पण सलाइनीतलं मला काय कळतंय?"

सव्वाचारला मुलगी झाली. खाटेपासून वीतभर वर, जिथे काहीच नव्हतं, तिथून ती माझ्या हातांत आली आणि रडली. तिच्या बेंबीतून निघालेली नाळ तेवढ्याच उंचीवर हवेत शिरत होती, शिवताना दोरा कापडात शिरतो तशी. मी ती दोन बोटांत धरली. ठोका होता.

पाचला कुरणे भाऊसाहेब ब्रेकच्या कागदावर माझी सही घ्यायला आले आणि दारातच थांबले.

"हे काय?"

"घोलपची मुलगी."

"ते दिसतंय. हे जोडलेलं काय आहे?" त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "सिस्टर, ही नाळ जोडलेली आहे तोवर सेवा सलग धरली जाईल. खंड पडला असं मला लिहिता येणार नाही. खंड नाही तर नेमणुकीचा नवा आदेश नाही. आदेश नाही तर उद्या घोलप येणार कशी?"

"ठोका चालू आहे. कापता येत नाही."

"मी कुठं सक्ती करतोय? उद्या आठला आदेश घेऊन येतो. कापलेली असली की देतो." ते गेले. जाताना त्यांनी दार हळू लावलं, बाळ झोपलं होतं म्हणून.

"कापून टाका, सिस्टर," हौसामावशी म्हणाल्या. "पोरीला आई तरी मिळंल." थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "आन् हातातलं सुटून ती तिकडंच राहिली तर?" मग फडका पिळून वॉर्डात गेल्या.

मुलीला मांडीवर घेऊन मी बसून राहिले. उठले असते तर नाळ बोटांतून निसटली असती. वॉर्डातल्या हाका एकेक करून थांबल्या. पूर्वी अशा वेळी कुणीतरी येऊन म्हणायचं, तू चहा पिऊन ये, मी धरते. यमुना जाधव, लिली, थोरली कुलकर्णी. मी त्यांची नावं घेत बसले, अकराच्या अकरा.

उजाडलं. पावणेआठला खुंटीवरचा सारिकाचा एप्रन हलला. व्हरांड्यात भाऊसाहेबांच्या चपला वाजल्या आणि दाराबाहेर थांबल्या.

"कापली का, सिस्टर?"

"नाही."

"मग आदेश राहू दे माझ्या खिशातच."

आठला दोन मिनिटं असताना नाळ ताणली गेली. पलीकडून कुणीतरी ती धरली होती आणि विहिरीतून पोहरा ओढावा तसं, हातावर हात टाकत, ओढत होतं. मुलगी माझ्या मांडीवरून चार बोटं त्या रिकाम्या खाटेकडे सरकली. रडली नाही. मी डाव्या हाताने तिला पोटाशी धरलं, आणखी चार बोटं सरकली. उजव्या हाताने कात्री उघडली, दोन्ही पाती नाळेला टेकवली, आणि ठोका थांबायची वाट बघू लागले.