भर दुपारी लागलेला दिवा

मी एक जुना पितळी दिवा आहे. रामनगरच्या बाजारात, पुंडलिकच्या दोर-कोयत्यांच्या दुकानात मी साखळीला टांगलेला असतो. मित्रांनो, मी आज रागात आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

बेळगावच्या एका तांबटाने मला घडवले आणि पुंडलिकच्या वडिलांनी इथे आणले. तिन्हीसांजेला मला लावले की गिऱ्हाईक बोलता बोलता थांबायचे, मला हात जोडायचे आणि मग पुन्हा भावावरून घासाघीस सुरू! तेव्हा मला कोण मान होता!

पुढे पुंडलिकने कर्जाने ट्रक घेतला. तो ट्रक घाटात दरीत गेला. कर्ज काही फिटेना, तेव्हा कोर्टाने त्याला दिवाळखोर ठरवले. त्याचे शेत आणि दुकानातला माल विकून ज्यांचे देणे होते त्यांना पैसे वाटले. मला मात्र कोणी घेतले नाही. मी गोणपाटात पडून काळवंडलो.

यंदा कोर्टाचा निकाल आला. पुंडलिक मोकळा झाला! जुन्या देण्यासाठी आता कोणी त्याच्या दारात उभे राहायचे नाही, त्याने खुशाल पुन्हा धंदा करावा. त्याची बायको यमुना हिने मला चिंचेने घासून लख्ख केले. मलाही वाटले, चला, सुटलो आपण.

दुकान उघडले त्या दिवशी आभाळ गच्च भरले होते. वीज गेलेली. खानापूरहून उधारीवर दोर घेऊन टेम्पो आला. आत काही दिसेना, म्हणून यमुनाने मला लावले.

झाले! समोरचा दुकानदार परशुराम ओरडला, "बघा रं! भर दुपारी दिवा! पुंडलिकानं परत दिवाळं काढलं व्हय?"

पूर्वी म्हणे बुडालेला व्यापारी दुकानात दिवसा दिवा लावून बसायचा. दिवाळे हा शब्दच त्यावरून आला म्हणतात. पण अंधारात उजेड करणे हाच माझा जन्माचा धंदा, त्यात माझा काय गुन्हा? आणि पुंडलिकचा तरी काय?

बाजार फिदीफिदी हसला. टेम्पोवाल्या चंद्राने उचललेला दोर परत गाडीत टाकला. "मालकाला इचारतो आधी," तो म्हणाला. माल परत गेला असता, तर दुकान उघडल्या दिवशीच बंद पडले असते.

पुंडलिकचा चेहरा उतरला. तो मला विझवायला आला, तशी यमुनाने त्याचा हात धरला. "कोर्टानं सोडलंय तुमास्नी. मग ही बाजारातली मानसं कोण लागून गेली? ऱ्हाऊ दे दिवा!"

एवढ्यात दिग्गी गावची म्हातारी पारू भिजत आली. तिने मला हात जोडले आणि गुरांसाठी दावी मागितली. दोर टेम्पोतच आहे हे कळताच ती चंद्राकडे वळली.

"उतरव की रं ते! दिवा लागलाय म्हंजे दुकान उघडं हाय न्हवं?"

चंद्रा ओशाळला. त्याने दोर उतरवले.

मित्रांनो, मला घासायला चिंच पुरते. पण कोर्टाने पुसलेले दिवाळखोर हे नाव तुम्ही माणसाला पुन्हा पुन्हा चिकटवता, ते कशाने घासायचे? सुटलेल्या माणसाला सुटू द्या. आणि उद्या पुन्हा अंधारून आले, तर मला भर दुपारीही लावा. मी जळेन, आणि परशुरामच्या दुकानापर्यंत उजेड पाडेन!