घोडीजवळचा ओरखडा

मी एक जुनी गिटार आहे, मित्रांनो, आणि मला तुमची कीव नको.

हे आधीच सांगून टाकते, कारण तुमच्या सवयी मला ठाऊक आहेत. तुमच्या वह्यांमध्ये फाटक्या छत्र्या मुसमुसतात, मोडकी पेने उसासे टाकतात, आणि शेवटच्या परिच्छेदात सगळी मंडळी हात जोडून म्हणतात, आम्हाला जपा. शिक्षक खाली 'छान' असा शेरा देतात. छत्री फाटकीच राहते.

मी पत्र्याची आहे. पत्रा मुसमुसत नाही.

फळ्यावर मुद्दे दिलेत म्हणे. जन्म, कौतुक, कामाचे दिवस, उपेक्षा, संदेश. बरे. त्याच क्रमाने जाऊ. जमेल तिथपर्यंत.

जन्म

पहिल्यांदा मी जन्मले ती कपाटाचे दार म्हणून. तेही नीट न लागणारे दार. लावले की आपले आपण उघडायचे आणि आतले सगळे पाहुण्यांसमोर. गिऱ्हाइकाने कपाट परत पाठवले. कपाटवाल्याने बिजागऱ्या बदलल्या, कडा ठोकल्या, शेवटी लाथ घातली आणि मला काढून भिंतीला टेकवून ठेवले. माझा निर्माता किती मोठा कारागीर होता, याचा अंदाज यावा म्हणून हे सांगितले.

त्याचे वेल्डिंग बरे होते. पत्रा वाकवण्यातही तो बरा होता. पण जीव सगळा रंगात. वेल्डिंगच्या टाक्यांवर लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, घासायचे, रंगाची पावडर उडवायची, भट्टीत भाजायचे. भट्टीतून निघालेल्या कपाटात तो स्वतःचा भांग बघायचा. भांग स्पष्ट दिसला तरच माल बाहेर. कोणाच्या अंगठीने कपाटावर रेघ उठली, तर हा असा कळवळायचा की रेघ याच्याच गालावर उठली असावी. आत काय ठेवणार, दार लागते का, हे प्रश्न नंतरचे.

याची बायको लग्नाआधी एका बँडमध्ये गिटार वाजवायची. गिटार लाकडी, तिच्या धाकट्या भावाने केलेली. भाऊ सुतार. लग्नानंतर ती गिटार माळ्यावर गेली आणि तिथे वाळवीने तिचे धड खाल्ले. मान तेवढी उरली, ती वेगळ्या, टणक लाकडाची होती म्हणून. पिकअपही उरले, म्हणजे तारांची थरथर पकडून स्पीकरकडे पाठवणारे ते चुंबकांचे डबे. चुंबक वाळवीलाही पचत नाही.

(इथे तुम्ही हळहळलात. आवरा. त्या घरात वाळवी हाच एकमेव सरळ जीव होता. तिला भूक होती, तिने खाल्ले.)

कपाटवाल्याला तर उत्सवच.

"बघा मेव्हणे, तुमचं लाकूड! पत्र्याला कधी वाळवी लागलेली ऐकलीत?"

"पत्र्याला गंज लागतो, भावजी."

"रंग असेल तर नाही लागत."

"मग रंगच वाजवा," सुतार म्हणाला.

दोघेही हसले नाहीत. बायको त्या खाल्लेल्या धडाचा भुगा केरसुणीने गोळा करत होती.

त्यानंतर ती दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची आणि नुसती मान हातात धरायची. तारा नाहीत, धड नाही, आवाज नाही. डाव्या हाताची बोटे मात्र मानेवर चालायची, थांबायची, चुकली की मागे येऊन पुन्हा चालायची. एकदा कपाटवाला पाणी प्यायला आला आणि दारातच थांबला. पाणी न पिताच परत गेला. भिंतीला टेकलेले दार, म्हणजे मी, त्याने उचलले आणि खडूने माझ्यावर गिटारीचा आकार काढला.

तुम्ही इथे 'प्रेम' हा शब्द लिहाल. लिहा, अक्षर नीट काढा. माझ्या मते त्यातले अर्धे मेव्हण्याची जिरवण्यासाठी होते.

कडेची पट्टी वाकवायला लाकडी साचा हवा होता. सुताराकडे मागायचा म्हणजे नाक कापून घेणे. म्हणून त्याने ती पट्टी गॅसच्या सिलिंडरवर आणि जुन्या पाइपांवर ठोकून ठोकून वाकवली. माझी कंबर सिलिंडरची आहे, खांदे नळाचे आहेत. वेल्डिंग करताना पातळ पत्रा उष्णतेने ओढला जातो, म्हणून तो एक टाका इथे, एक पार तिकडे, असा फिरत राहिला. तरी मी फुगलेच. मग वाळूच्या पोत्यावर पालथी घालून मला लाकडी हातोडीने बडवले. जिथे कपाटाच्या मुठीचे भोक होते, तिथे आवाजाचे बटण बसले. पाठ वेल्ड करून कायमची बंद केली. शेवटी सुताराची ती मान माझ्या खांद्यात घालून बोल्टांनी आवळली. लाकडाची मान, पत्र्याचे धड. दोन्ही घराण्यांचा तोरा एकाच अंगात.

आणि रंग. बाटलीसारखा हिरवा, ओला वाटेल असा. आतून, बाहेरून, भोकांच्या कडांनासुद्धा. त्यावर स्क्रूने चरा पडू नये म्हणून या महाभागाने प्रत्येक स्क्रूखाली प्लास्टिकचा वॉशर घातला.

हे वॉशर लक्षात ठेवा.

कौतुक

तिने मला मांडीवर घेतले. "गार आहे हो!" म्हणून दचकली, आणि मग हसली. तिचे तोंड माझ्यात दिसत होते. कपाटवाला म्हणाला, "भांग बघ, भांग!" तिने वायर जोडली, स्पीकर लावला.

घूंऽऽऽऽ

तिने तार छेडली. सूर आला, चांगला आला, खणखणीत. पण त्याच्या खाली

घूंऽऽऽऽ

"हे काय?" ती म्हणाली.

"नवी आहे ना," कपाटवाला म्हणाला. "नवा पंखा नाही का करत?"

त्या आठवड्यात तिच्या जुन्या बँडच्या म्होरक्याचा निरोप आला. तो ड्रम वाजवायचा आणि सगळ्यांवर खेकसायचा, म्हणून त्याला फौजदार म्हणत. बँड दौऱ्यावर निघाला होता, त्यांचा गिटारवाला आयत्या वेळी दुसरीकडे गेला होता. फौजदार म्हणाला, "रविवारी हॉलवर या. ऐकतो. जमलं तर चला, नाही जमलं तर मी दुसरा माणूस बघून ठेवलाय." इतकी वर्षे तिला कोणी बोलावले नव्हते, आणि हा फौजदार दोनदा बोलावणाऱ्यातला नव्हता. तिला ते माहीत होते, नवऱ्यालाही माहीत होते.

म्हणून तो मला काखेत मारून रेडिओवाल्या काकांकडे घेऊन गेला. काकांनी मला ठोकले, हुंगले, आवाजाच्या बटणाच्या भोकातून बॅटरी मारून आत डोकावले.

"अर्थिंग नाहीये."

"आहे की! तार जोडलीय. ही बघा, घोडीच्या पायाशी."

घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी. माझी घोडी दोन पायांवर अधांतरी उभी आहे, तिच्याखाली सगळे उघडे दिसते.

"तार पायाशी आहे," काका म्हणाले. "पाय प्लास्टिकवर आहे. प्लास्टिक रंगावर आहे. पत्र्याला कोण शिवलंय? कोणीच नाही. हवेतली सगळी खरखर गोळा करून ही बया घुमतेय. वॉशर काढा, पायाजवळ रंग खरवडा, तार उघड्या पत्र्याला लावा. गप्प होईल."

"आतून खरवडतो."

"आत हात जाईल का? पाठ कोणी बंद केली?"

"म्हणजे पुढून? दिसेल असं?"

"नखाएवढं हो."

कपाटवाल्याने माझ्याकडे पाहिले. माझ्यात त्याला स्वतःचा भांग दिसला.

घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "काका म्हणाले, काही नाही. वाजवून वाजवून बसेल."

उपेक्षा

हा मुद्दा मी गाळते. माझी उपेक्षा झालीच नाही. रविवारपर्यंत त्या माणसाने मला रोज मऊ फडक्याने पुसले. बोटांचे ठसे पुसले, श्वासाची वाफ पुसली. मला झोपवायला जुनी गोधडी काढली. ती रोज सराव करायची, आणि मी रोज तिच्या सुरांखाली घुमायचे. ती स्वतःलाच दोष द्यायची. "माझाच हात बसला नाही अजून." हे ऐकून तो फडके पिळायचा. कोरडे फडके.

एवढी काळजी, मित्रांनो. तुमच्या छत्रीच्या नशिबात कधी येणार नाही एवढी.

कामाचे दिवस

(म्हणजे एक दिवस. रविवार. बाकीचे त्याच्या जोरावर.)

हॉलच्या स्टेजचे सुतारकाम तिच्या भावाकडेच होते. तो कोपऱ्यात एका पडद्याची चौकट सरळ करत होता. मला पाहून म्हणाला, "ताई, कपाट आणलंस होय? कपडे कुठे ठेवणार?"

"गप रे," ती म्हणाली. तिचे हात गार पडले होते, माझ्यापेक्षा गार.

कपाटवाला पहिल्या रांगेत बसला. फडके खिशात. फौजदार ड्रममागे. स्टेजवरचे दिवे लागले, आणि इतक्या दिव्यांची, इतक्या वायरींची खरखर मी एका दमात गिळली.

घूंऽऽऽऽऽऽऽऽऽऽ

ती वाजवायला लागली आणि घूंऽऽऽऽ तिची बोटे बरोबर जात घूंऽऽऽऽ होती, मला माहीत आहे, माझ्यावरूनच जात होती, पण ऐकणाऱ्याला घूंऽऽऽऽ एवढेच.

फौजदाराने काठ्या खाली ठेवल्या. "बाई, तुम्ही वाजवताय का डास मारताय?"

बाकीचे हसले. ती हसली नाही. तिने आवाजाचे बटण कमी केले, सूर गेला. वाढवले, मी आले. फौजदाराने घड्याळाकडे बघितले. "हात चांगला आहे तुमचा. पण हे भांडं घेऊन मी गावोगाव फिरू शकत नाही. दुसरी गिटार आहे?"

"नाही."

"मग राहू द्या."

ती मला खांद्यावरून उतरवू लागली. त्या क्षणी पहिल्या रांगेतला माणूस उठला. त्याचा चेहरा कोणीतरी लांबी भरून घासल्यासारखा झाला होता.

"अर्थिंग नाहीये," तो म्हणाला. "काकांनी सांगितलं होतं. रंग खरवडायला हवा. मी... मी तुला सांगितलं नाही."

तिने त्याच्याकडे पाहिले. मी पुष्कळ तिरस्कार करते, माझा त्यात हात धरणारे कोणी नाही, पण तसे पाहणे मला आजवर जमलेले नाही.

"कधी सांगितलं होतं काकांनी?"

"मंगळवारी."

"रंगासाठी?"

त्याने खिशातले फडके मुठीत धरले. सुतार चौकट सोडून पुढे आला, हातात पटाशी. आनंद लपवण्याचा त्याने प्रयत्नही केला नाही. "आण ताई, मी काढतो. पातळ साल निघेल."

"नको," ती म्हणाली. "त्यांना दे."

"घ्या भावजी. धार लावलेली आहे."

कपाटवाल्याने मला पायरीवर ठेवले. घोडीचा एक पाय ढिला केला, वॉशर काढला. पटाशी रंगावर टेकवली आणि थांबला. अजूनही, मित्रांनो, अजूनही तो मान तिरकी करून बघत होता, की कुठून काढले तर कमी दिसेल.

"अहो," ती म्हणाली. "दिसू दे."

त्याने जोर लावला. रंग इतका पक्का चढवलेला, की पटाशी अडली, मग एकदम सुटली आणि घोडीच्या पायापासून थेट माझ्या कडेपर्यंत गेली. बोटभर लांब, वाकडा, पांढरा ओरखडा. त्याच्या तोंडून कोणी चिमटा काढावा तसा आवाज आला. पण हात थांबला नाही. पायाभोवती गोल खरवडले, उघड्या पत्र्यावर तार दाबली, स्क्रू आवळला. प्लास्टिकशिवाय.

तिने तारा सुरात लावून घेतल्या. वायर जोडली. स्पीकर चालू.



वरची रिकामी जागा चुकून राहिलेली नाही. ती शांतता आहे. तुमच्या शिक्षकांना ती कापायची असेल तर कापू द्या.

मग तिने वाजवले. कसे वाजवले हे मी सांगणार नाही; गिटारीने बाईचे कौतुक करायचे, मग बाईने गिटारीचे, हा पत्रव्यवहार मला आवडत नाही. फौजदाराने मधेच काठ्या उचलून साथ धरली, एवढे सांगते. न खेकसता. संपल्यावर म्हणाला, "डास मेला वाटतं. शुक्रवारी गाडी निघते. गरम कपडे घ्या." आणि दुसऱ्यावर खेकसायला निघून गेला.

सुतार ओरखड्यावरून अंगठा फिरवत म्हणाला, "सरळ नाही आला, भावजी."

"पटाशी लाकडासाठीची आहे ना तुमची," कपाटवाला म्हणाला. ती त्याच्याशी बोलत नव्हती. शुक्रवारपर्यंत बोलली नाही.

संदेश

तुम्ही आता वहीत लिहिणार, 'मला जपा.'

नका जपू. तुमच्या जपण्याखाली किती जणींचा सूर दबला आहे, हे तुम्हाला ऐकू येत नाही, कारण वर रंग छान आहे. तुमच्या गोधड्या, तुमची मऊ फडकी, काचेमागे ठेवलेल्या तुमच्या वस्तू, सगळे तुमच्या भांगासाठी आहे. मला वापरा. आपटले तर आपटू द्या. मी दौऱ्यांवर गेले, ट्रकमध्ये खुर्च्यांखाली झोपले, माझा रंग आता चार ठिकाणी उडाला आहे, आणि माझी तक्रार फक्त फौजदाराच्या जोक्सबद्दल आहे.

एक सांगायचे राहिले. उघड्या पत्र्याला गंज चढतो. सुतार ते सुरुवातीलाच म्हणाला होता. गंज चढला की तारेचा पत्र्याशी संबंध सुटतो आणि मी पुन्हा घुमू लागते. ती दौऱ्यावरून घरी येते तेव्हा मला टेबलावर ठेवते आणि आंघोळीला जाते. मग कपाटवाला येतो. मला वाटले होते, हा संधी साधून हिरव्या रंगाचा डबा काढील. पहिल्या वेळी मी वाटच पाहत होते, चार शब्द तयार ठेवून.

त्याने पॉलिश पेपरचा तुकडा काढला. घोडीचा पाय ढिला केला आणि ती जागा घासू लागला. हळूहळू, पत्रा लख्ख पांढरा होईपर्यंत. त्यात त्याचा भांग दिसत नव्हता. त्याने बघितलाही नाही. स्क्रू आवळला, तार छेडली, कान लावून ऐकले. शांत होते.

ती न्हाणीतून म्हणाली, "झालं का हो?"

"झालं," तो म्हणाला.

ते चार शब्द अजून माझ्याकडेच पडून आहेत. आयुष्यभर पत्रा झाकत आलेला हा माणूस एवढ्याच एका जागेवर रंग चढू देत नाही.