वकिलांच्या पडवीतला बाक

मी बाक बोलतोय. गोव्यात धारगळला दत्तप्रसाद वकिलांच्या पडवीत भिंतीला पाठ लावून असतो. फणसाच्या लाकडाचा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. हल्ली लोक मला प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या पंक्तीला बसवतात, त्याचा मला राग येतो.

सुताराने मला चौघांसाठी बनवलं, बसतात सहा. वकील आत एकाशी बोलत असतात, बाकीचे बाहेर माझ्यावर वाट बघत एकमेकांना आपापल्या केसी सांगतात.

सगळ्यांत जास्त बसली ती कमलाक्षी. तिचं घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत. ते नावावर व्हावं म्हणून अकरा वर्षं केस चालू आहे. छप्पर गळतं, पण निकालाआधी हात लावला की भाटकार नवी तक्रार करतो. आपले डोळे मिटायच्या आत घर गौरवीच्या, म्हणजे मुलीच्या, हाती द्यायचं, एवढंच तिचं म्हणणं.

गेल्या निवडणुकीत वकील आमदारकीला उभे राहिले. पडवीत येऊन म्हणाले, "असल्या केसीचो निकाल वर्षभरात लागाकच व्हयो, असो कायदो करूक मी जातंय." मला वाटलं, झालं, हे निवडून आलेच.

ते आत गेले तशी कमलाक्षी हळूच म्हणाली, "हे पर्वरीक विधानसभेत गेले तर माझी केस कोण बघतलो?"

शेजारी विशाल होता. खाणीवर ट्रक चालवतो, त्याचीही जमिनीची केस. तो म्हणाला, "खरां गे मावशे. वकील हुशार व्हयो. आमदार काय, कोणय चलता."

सगळ्यांनी माना हलवल्या. दुसऱ्या दिवशी दुसरे सहा आले, त्यांचंही तेच. वाईट कोणी बोललं नाही हो, उलट तोंडभरून कौतुक. एवढं कौतुक ऐकून मीच घाबरलो.

वकील एकशे बारा मतांनी पडले. तेवढी माणसं तर महिन्याभरात माझ्यावर बसून जातात.

परवा कमलाक्षीच्या केसची तारीख होती. समोरचा वकील आलाच नाही. चार महिन्यांनंतरची तारीख पडली. परत आल्यावर दत्तप्रसाद आत गेले नाहीत, तिच्या शेजारी माझ्यावर बसले. असे ते पहिल्यांदाच बसले.

ती म्हणाली, "बाब, मत मी तुमका दिलां नाय. केस तुमच्याकडेच रवांदे म्हणान."

"रवली मगे माझ्याकडेच, मावशे," ते म्हणाले.

तिने पदराने तोंड पुसलं. मला दोघांचंही फार वाईट वाटलं.

मला मत नाही, तुम्हाला आहे. माझ्या लाकडाला अजून वीस वर्षं काही होत नाही, त्यामुळे घाई मला नाही, कमलाक्षीला आहे. पुढच्या खेपेला चांगला वकील पडवीत ठेवायचा की कायदे होतात तिथे पाठवायचा, हे माझ्यावर बसून ठरवू नका. इथे बसलं की ज्याला त्याला आपलीच केस दिसते. घरी जाऊन ठरवा, आणि जमलं तर मला रिकामा करा.